वरिष्ठ राजकीय सल्लागार दिवसभर करतो तरी काय? (फील्ड मिशन, संघर्ष-प्रतिबंध)

धूळपाटी

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं एका संशोधन संस्थेत संघर्ष-विश्लेषणाचं काम करते. म्हणजे अहवाल लिहिते. आता एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फील्ड मिशनमध्ये, म्हणजे संघर्षाची भीती असलेल्या देशात बसवलेल्या पथकात, मिशनप्रमुखांच्या वरिष्ठ राजकीय सल्लागाराच्या पदासाठी मुलाखतीपर्यंत पोचले आहे. जाहिरात पाठ झाली आहे: 'राजकीय घडामोडींचं विश्लेषण, पूर्वसूचना, संवादाला साहाय्य, संबंधितांशी संपर्क' वगैरे वगैरे. पण सकाळी ऑफिसात शिरल्यावर माणूस नेमकं काय करतो, याचा काही केल्या पत्ता लागत नाही.

इथे कुणी हे काम केलं आहे का? सल्ला कुणाला, कधी, कसा द्यायचा? आणि एक मनातली भीती. माझं लिखाण बरं असतं असं लोक म्हणतात, पण ते वाचून कुणी काही केलं, असं मला आजवर एकदाही दिसलेलं नाही. नव्या जागीही तेच होणार असेल तर घरदार सोडून जाण्यात अर्थ आहे का?

जुनी_फाईल

धूळपाटी, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत अख्खी नोकरी आली.

मी आता या कामातून बाहेर आहे, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते. देशांची आणि मिशनांची नावं मात्र सांगणार नाही. ती सवय सुटत नाही आणि सुटूही नये.

आधी वेळापत्रक, कारण ते लवकर संपतं. सकाळी रात्रभरात काय झालं ते पाहायचं: स्थानिक रेडिओ, स्थानिक सहकाऱ्यांचे फोन, पोलिसांनी काय म्हटलं आणि काय म्हणायचं टाळलं. मग प्रमुखांकडे बैठक. तिथे सुरक्षा अधिकारी, लष्करी संपर्क अधिकारी, प्रवक्ता, मानवी हक्क विभाग, सगळे. दुपारी भेटीगाठी. मंत्री, विरोधी पक्ष, धर्मगुरू, वकिलातींमधली मंडळी. तुम्ही प्रमुखांच्या शेजारी बसून टिपणं घेता. संध्याकाळी त्या भेटींचा वृत्तांत मुख्यालयाला, आणि रात्री दुसऱ्या दिवशीच्या भेटीसाठी बोलायचे मुद्दे. टेबलाशी बसून स्वतः वाटाघाटी करण्याचे प्रसंग फार थोडे येतात. आले तरी तोंड प्रमुखांचं असतं.

आता खरं काम. धोक्याच्या इशाऱ्यांचा तुटवडा मी कधीच पाहिला नाही. इशारे ढिगानं येतात. तुमच्यासारख्या संस्थांचे येतात, वकिलातींचे येतात, वर्तमानपत्रांत येतात. कमी पडते ती एकच गोष्ट: समोरच्या दमलेल्या माणसाला उद्या सकाळपर्यंत करता येईल अशी एखादी कृती.

एक प्रसंग सांगते. निवडणूक होऊन तीन-चार दिवस झाले होते. दोन जिल्ह्यांचे आकडे राहिले होते आणि त्यांवरच सगळं ठरणार होतं. दोन्ही पक्षांच्या कचेऱ्यांबाहेर लोक रेडिओ कानाला लावून बसलेले. आमच्या एका हुशार तरुण सहकाऱ्यानं अडीच पानांचं टिपण केलं. त्यात इतिहास होता, टोळ्यांमधली जुनी भांडणं होती आणि शेवटी 'परिस्थिती झपाट्यानं चिघळण्याची शक्यता नाकारता येत नाही'. प्रमुखांनी वाचलं, 'उत्तम' म्हटलं आणि बाजूला ठेवलं. त्यांचं काय चुकलं? त्या कागदानं त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं.

मग आम्ही ते पुन्हा लिहिलं. साधारण असं: 'रात्री नऊच्या आत निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांना फोन करावा. मागणी एकच. उरलेले आकडे मध्यरात्री जाहीर करू नयेत. सकाळी, दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी समोर बसवून, केंद्रनिहाय वाचावेत. निकाल कुणाच्या बाजूचा आहे याबद्दल चकार शब्द काढू नये. राष्ट्राध्यक्षांना आज फोन करू नये. केल्यास उद्या आयोगावर दबाव आणल्याचा आरोप आपल्यावर येईल. अध्यक्ष नाही म्हणाले तर अमुक दोन राजदूतांनी तेच शब्द वापरून फोन करावा, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.'

बस, एवढंच. पाऊण पान. मध्यरात्र का टाळायची, तर अंधारात जमाव आणि पोलीस समोरासमोर आले की कोण कुणाला काय म्हणालं हे कुणालाच दिसत नाही. शिवाय एक आकडा एकदम कानावर पडला की तो खोटाच वाटतो. केंद्रागणिक ऐकला तर माणूस निदान भांडण केंद्रापुरतं आणतो.

प्रमुखांनी फोन उचलला. वाचायला मिनिटभर लागलं असेल. मला विचाराल तर सल्लागार म्हणजे हा पाऊण पानाचा कागद, आणि त्यातही शेवटचं वाक्य: 'त्यांच्याशी बोलणं झालं आहे.' त्या एका वाक्यासाठी दुपारभर फोन करावे लागतात.

याचा अभ्यासण्यासारखा नमुना हवा असेल तर १९९३ सालचं एस्टोनिया पाहा. नार्वा आणि सिल्लामाए या रशियन भाषकांच्या शहरांत, परकीय नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यामुळे आपल्याला हाकलून देणार अशी भीती पसरली. दोन्ही नगरपरिषदांनी स्वायत्ततेसाठी जुलैमध्ये सार्वमत जाहीर केलं. राजधानी तालिनमधलं सरकार म्हणालं, हे बेकायदा आहे. मॅक्स फान डेर स्टूल त्याच वर्षी युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्याच्या संघटनेचे राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठीचे उच्चायुक्त म्हणून रुजू झाले होते. (ही संघटना तेव्हा सीएससीई होती, १९९५ पासून ओएससीई.) त्यांनी तालिन आणि नार्वा अशा खेपा घालून दोनच गोष्टी मिळवल्या. सरकार मतदान बळानं थांबवणार नाही, आणि नगरपरिषदा न्यायालयाचा निकाल मान्य करतील. मतदान झालं. ऑगस्टमध्ये न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. प्रकरण रस्त्यावर आलंच नाही. मूळ वाद सुटला का? नागरिकत्वाचा प्रश्न पुढे बरीच वर्षं चालला. पण त्या जुलैत कुणालाही त्याहून जास्त काही मागितलं असतं तर ते मिळालं नसतं.

तर्कट

जुनी फाईल ताई, छान लिहिलंय, पण दोन शंका.

पहिली, जे घडलंच नाही त्याचं श्रेय घेणं फार सोपं असतं. नार्वात मध्यस्थीशिवायही दंगल झाली नसती, आणि तुमच्या त्या देशात मध्यरात्री आकडे जाहीर करूनही लोक घरी गेले असते, असं कुणी म्हटलं तर उत्तर काय?

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. 'करता येईल अशी कृती लिहा, मग वरचे ऐकतात' हे पटत नाही. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेअर यांनी ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला पाठवलेला संदेश आठवा. तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांच्या याद्या बनत आहेत, शस्त्रं दडवली आहेत, एवढंच लिहून ते थांबले नाहीत. काय करणार तेही लिहिलं होतं: छत्तीस तासांत साठ्यांवर छापा. मुख्यालयानं नाही म्हटलं, आणि ही माहिती राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांच्याच कानावर घालायला सांगितलं. एप्रिलमध्ये तुत्सींचं हत्याकांड सुरू झालं, ते जग जाणतं. तिथे कागदात काय कमी होतं?

होकायंत्र

मी गणवेशातून अशा मिशनवर जाऊन आलेला माणूस, म्हणून दुसरी बाजू. सल्लागार मंडळींचे कागद छान असतात, पण सीमेवर कुणी उभं नसेल तर त्यांचं वजन किती?

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष याह्या जामे निवडणूक हरले, हार मान्य केली आणि आठवड्यात शब्द फिरवला. पश्चिम आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख राजधानी बांजुलला जाऊन समजावून आले, उपयोग शून्य. १९ जानेवारी २०१७ ला निवडून आलेले अदामा बॅरो यांचा शपथविधी शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत करावा लागला. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं आणि २१ तारखेला जामे विमानात बसले. माझ्या लेखी ते सैन्यानं झालं.

बाकी धूळपाटी ताई, एक फुकटचा सल्ला. मिशनमधल्या लष्करी संपर्क अधिकाऱ्याशी पहिल्याच आठवड्यात चहापाण्याची ओळख करून घ्या. नकाशावर कुठला पूल तुटलाय हे त्याला माहीत असतं. तुम्ही 'गटांमधला संवाद' म्हणता तेव्हा त्या गटाचा माणूस बैठकीला येणार कुठल्या रस्त्यानं, हे तोच सांगू शकतो.

जुनी_फाईल

तर्कटराव, पहिल्या शंकेला माझ्याकडे पुरावा नाही, आणि कुणाकडेच नसतो. श्रेय हवं असणाऱ्यानं युद्ध थांबवण्याच्या कामात जावं, ते निदान चालू तरी असतं. सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण मॅसेडोनियाचं (आजचा उत्तर मॅसेडोनिया). तिथे १९९२ च्या डिसेंबरात सुरक्षा परिषदेनं काही पेटायच्या आधीच सैनिक पाठवायला मंजुरी दिली. आधी ते युगोस्लाव्हियातल्या मोठ्या मिशनचा भाग होते, १९९५ पासून युनप्रेडेप या नावानं स्वतंत्र. जवळच बोस्निया जळत असताना हा देश शांत राहिला. मग १९९९ च्या सुरुवातीला मॅसेडोनियानं तैवानला मान्यता दिली, आणि फेब्रुवारीत मुदतवाढीचा ठराव आला तेव्हा चीननं नकाराधिकार वापरला. मिशन बंद. २००१ मध्ये तिथे सशस्त्र संघर्ष सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये ओह्रिद करारानं मिटला. मधल्या काळात कोसोवोचं युद्ध झालं, निर्वासितांचे लोंढे आले, शस्त्रं आली. तेव्हा 'सैनिक गेले म्हणून पेटलं' असं सरळ गणित मी मांडणार नाही. पण नाहीतरी शांतच राहिलं असतं, असं म्हणणाऱ्यानंही २००१ जरा डोळ्यांसमोर ठेवावं.

दालेअर यांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्यांच्या कागदात काहीही कमी नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीच सोमालियात मोगादिशूमध्ये अठरा अमेरिकी सैनिक मारले गेले होते. शस्त्रांच्या मागे जाणं या शब्दांनीच न्यूयॉर्कमध्ये अंगावर काटा येत होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नकार देणाऱ्यांचा दोष त्यानं तिळभर कमी होत नाही. सल्लागाराच्या खुर्चीतून मात्र मी त्याकडे असं पाहते: तो संदेश लष्करी वाटेनं गेला, त्याला लष्करी नियमांच्या चौकटीत उत्तर मिळालं आणि तिथेच तो निजला. सुरक्षा परिषदेसमोर तो मजकूर त्या दिवसांत आलाच नाही. वरच्यानं नाही म्हटल्यावर तोच कागद दुसऱ्या कुठल्या दारानं, कुठल्या राजदूताच्या हाती, कुठल्या शब्दांत जाईल, हे शोधणारा माणूस राजकीय बाजूला बसलेला असतो. असायला हवा. कधी तो नसतो, कधी असून घाबरतो.

होकायंत्र, सैन्याशिवाय जामे गेले नसते हे मान्य. पण तुमच्या १९ आणि २१ तारखेच्या मधे काय झालं तेही पाहा. गिनीचे आल्फा कोंदे आणि मॉरिटानियाचे अब्देल अझीझ बांजुलमध्ये बसले होते. संयुक्त राष्ट्रांच्या पश्चिम आफ्रिका कार्यालयाचे मोहम्मद इब्न चंबास महिनाभर सगळ्यांच्या मधे फिरत होते. सुरक्षा परिषदेनं १९ लाच ठराव २३३७ एकमतानं केला, पण त्यात इकोवासला पाठिंबा देताना राजकीय मार्ग आधी, असं म्हटलं आणि बळाच्या वापराची उघड परवानगी दिली नाही. आणि शेवटी इकोवास, आफ्रिकी संघ आणि संयुक्त राष्ट्रं यांचं एक संयुक्त निवेदन निघालं, ज्यात जामे यांची प्रतिष्ठा, सुरक्षा आणि हक्क यांची हमी होती. ते निवेदन वाचून बघा. अगदी रटाळ आहे. सीमेवरच्या सैन्यानं माणसाला कळतं की आता जावं लागणार. पण जाताना हातात काहीतरी लेखी लागतं. मानवी हक्कवाल्या सहकाऱ्यांना असला कागद खुपतो, आणि खुपायलाच हवा. तो खुपणारा माणूस खोलीत असतो म्हणूनच हमीत काय लिहायचं नाही हे ठरतं.

आता धूळपाटी, तुम्हाला न विचारलेल्या दोन गोष्टी.

एक. तुमच्या टीममधले स्थानिक राजकीय अधिकारी तुमच्यापेक्षा दसपट जास्त जाणतात. मंत्र्याची मेहुणी कुणाकडे दिली आहे इथपासून. आणि गडबड झाली की तुमच्यासाठी विमान येतं, त्यांच्यासाठी बहुधा येत नाही. म्हणून वृत्तांत लिहिताना माहिती कुणाकडून आली ते नाव लिहायचं नाही. 'उत्तरेतला एक व्यापारी' असंही नाही, उत्तरेत तसे तीनच असतात. गुप्त तार गुप्त राहते या भ्रमात राहू नका. एका ठिकाणी आमचा वृत्तांत यजमान सरकारच्या मंत्र्यानं आम्हालाच वाचून दाखवला होता, परिच्छेदासकट. सुदैवानं त्यात नाव कुणाचंच नव्हतं, आणि मंत्र्यांविषयीची विशेषणंही आम्ही आदल्या रात्री काढली होती.

दोन. बाहेर बोलणं. यान प्रोंक हे सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांचे विशेष प्रतिनिधी होते. २००६ मध्ये दारफूरमधल्या पराभवांमुळे सुदानी लष्कराचं मनोधैर्य खचल्याचं त्यांनी स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं आणि सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. पण ब्लॉग टाळून सुटका होते असंही नाही. त्याच देशात २०२३ मध्ये त्याच पदावरच्या फोल्कर पेर्टेस यांना नकोसे ठरवलं गेलं, ब्लॉग वगैरे काही नसताना. आपण कुणाला खुपतो यावर आपला ताबा नसतो. आपण कशासाठी खुपतो, यावर थोडाफार असतो.

पायवाट

वाचनखूण साठवली. अवांतर प्रश्न: या वाटेला लागायचं कसं? माझं पदव्युत्तर शिक्षण नुकतंच झालंय.

होकायंत्र

ताई सांगतीलच, पण मला माहीत असलेलं लिहितो. संयुक्त राष्ट्रांत वरिष्ठ राजकीय अधिकारी म्हणजे पी-५ या श्रेणीचं पद. त्याला पदव्युत्तर पदवी आणि साधारण दहा वर्षांचा अनुभव मागतात. खालून शिरायला तरुण व्यावसायिकांची परीक्षा असते. वयाची अट ३२, आणि दरवर्षी ठरावीक देशांच्या नागरिकांनाच बसता येतं, तेव्हा यादी बघा. नाहीतर स्वयंसेवक म्हणून फील्डवर जा.

जुनी_फाईल

+१. त्यात भर एवढीच की 'शांतता आणि विकास सल्लागार' या पदांकडेही लक्ष ठेवा. संयुक्त राष्ट्रांचा राजकीय विभाग आणि यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) २००४ पासून मिळून हा कार्यक्रम चालवतात. जिथे मिशन नाही, सैनिक नाहीत, पण कुरबूर आहे, अशा देशांत हे लोक निवासी समन्वयकाच्या, म्हणजे त्या देशातल्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रमुखाच्या, कार्यालयात बसतात. गाजावाजा नाही, हाताशी माणसं नाहीत, म्हणून काम पटकन शिकायला होतं. आणि पायवाट, एखादी भाषा अशी शिका की तिच्यात तुम्हाला टोमणा कळेल. प्रमाणपत्रं नंतर.

धूळपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी फाईल ताई, पाऊण पानाची गोष्ट वाचून मी माझे मागचे अहवाल काढून बसले. एकाही अहवालात कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. 'संबंधित घटकांनी संयम बाळगावा' सोडून. :) शेवटचं विचारते. मुलाखतीत मी त्यांना काय विचारू? आणि लेखी परीक्षाही आहे म्हणतात.

जुनी_फाईल

संशोधन संस्थेत ते चालतं, धूळपाटी. तुमचा वाचक कोण हे तिथे ठरलेलंच नसतं. इथे तो एकच असतो आणि त्याच्या डोळ्यांवर झोप असते.

विचारायचंच तर हे विचारा: सल्लागार प्रमुखांना थेट भेटतो की चीफ ऑफ स्टाफमार्फत, म्हणजे प्रमुखांचं कार्यालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत? महत्त्वाच्या भेटींना टिपणं घ्यायला कोण बसतं? मुख्यालयात या मिशनची फाईल सांभाळणारा अधिकारी कोण, आणि त्याच्याशी रोज बोलणं होतं का? पहिल्याचं उत्तर 'मार्फत' असं आलं, तर पदाचं नाव काहीही असो, तुम्ही पुन्हा अहवालच लिहिणार आहात. तेव्हा तुमच्या सुरुवातीच्या शंकेचं, म्हणजे जावं की नाही याचं उत्तर तिथे आहे. याआधीचा माणूस किती काळ टिकला हेही विचारा. का गेला ते विचारू नका, खरं कुणी सांगत नाही. मुदत मात्र खरी सांगतात.

लेखी परीक्षेत बहुतेक वेळा एक काल्पनिक देश, दहा-बारा कागद आणि अपुरा वेळ देतात. त्यातले दोन कागद एकमेकांच्या विरोधात असतात, तो मुद्दाम पेरलेला सापळा. विरोध मिटवत बसू नका, तो लिहून टाका आणि कुठला कागद जास्त विश्वासार्ह धरला, का धरला, ते एका ओळीत सांगा. शिफारशी तीनच्या वर नकोत. प्रत्येकीत कोण, कुणाशी, कधीपर्यंत, आणि नकार आला तर पुढे काय. आणि दीड पान मागितलं असेल तर दीडच द्या. तपासणारा पावणेदोनावर वाचणं थांबवतो, मीही थांबवायची.